मद्रासचे रक्तनमुने : १९८६

भारतातील एचआयव्हीविषयक संशोधनाचा आरंभ सुसज्ज प्रयोगशाळेत नव्हे, तर एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या प्रबंधातून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला ह्यांना हा विषय त्यांच्या अध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) ह्यांनी सुचविला. निर्मला ह्यांनी १९८६ साली देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त गोळा केले. त्यांतील पुष्कळ जणी सरकारी सुधारगृहात होत्या. मद्रासला चाचणीची सोय नव्हती. तेव्हा नमुने घरच्या शीतकपाटात सांभाळून रात्रीच्या आगगाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेण्यात आले. तेथे सहा नमुन्यांत विषाणूच्या संसर्गाचा पुरावा मिळाला. अमेरिकेतील फेरतपासणीने त्यास दुजोरा दिला. १९८७ मध्ये दोन्ही संस्थांतील संशोधकांच्या नावे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. एकीपाशी नमुने, दुसरीपाशी उपकरणे. एकटीला हे कार्य साधले नसते.

परंतु ज्ञानाची ही वाटणी विद्वानांपुरतीच राहिली, असे म्हणणे भाग आहे. ज्यांचे रक्त घेतले त्यांना तपासणी कशाची, हे सांगितलेच गेले नव्हते. आणि पुढे तामिळनाडूत बाधित ठरलेल्या स्त्रियांना शिक्षेची मुदत सरल्यावरही कोंडून ठेवण्यात आले; न्यायालयात दाद मागितल्यानंतर १९९० मध्ये त्यांची सुटका झाली. चाचणीबरोबरच रुग्णाला माहिती व सल्ला देणारे केंद्र डॉ. सॉलोमन ह्यांनी मद्रासमध्ये काढले, ते १९९३ साली.