मुंबईच्या गुप्त नभोवाणीची अखेर

एखादी संस्था कशी उभी राहिली हें सांगतांना इतिहासकारास मोठा उत्साह असतो. ती कशी बंद पडली हें मात्र तो एका वाक्यांत उरकतो. वस्तुतः लोकांचें गुपित सांभाळणाऱ्या संस्थेची खरी कसोटी तिच्या शेवटच्या दिवशींच लागते. १९४२ सालच्या ‘काँग्रेस रेडिओ’ची हकीकत ह्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

९ ऑगस्टच्या पहाटे सर्व मोठे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध होते. महायुद्ध सुरू होतांच, १९३९ सालीं, हौशी लोकांचे बिनतारी प्रक्षेपणाचे परवानेही सरकारनें रद्द केले होते. अशा वेळीं उषा मेहता, बाबुभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदि तरुणांनीं मुंबईंत एक गुप्त प्रक्षेपक उभारला. उषाबेनचें वय त्या वेळीं अवघें बावीस. पुढें डॉ. राममनोहर लोहिया यांचें मार्गदर्शन त्यांस लाभलें. २७ ऑगस्टला ४२·३४ मीटरवर ‘हिंदुस्थानांतील कोठून तरी’ हा आवाज उमटला.

पोलिसांस सुगावा लागूं नये म्हणून हें केंद्र चौपाटीवरून निघून घरामागून घर बदलीत अखेर महालक्ष्मीकडील एका बंगल्यांत गेलें. वर्तमानपत्रें जें छापूं धजत नव्हतीं तें येथून सांगितलें जाई: चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप आणि चिमूर व आष्टी येथील प्रकार. हीं दोन्ही गांवें आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या चंद्रपूर व वर्धा जिल्ह्यांतलीं. शेजारच्या गांवीं काय घडलें, तें सांगण्यासाठीं मुंबईंतील एका लपविलेल्या यंत्रास बोलावें लागलें!

अडीच महिन्यांनीं, १२ नोव्हेंबरला, शेवट आला. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढीत फिरतच होत्या. परंतु घात केला तो आंतल्याच माणसानें. यंत्र जोडून देणारा तंत्रज्ञ त्या दिवशीं पोलिसांच्या हातीं लागला व त्यानें ठिकाण दाखविलें. संकट समोर दिसत असतांही उषाबेन व चंद्रकांत यांनीं त्या सायंकाळचा कार्यक्रम चुकविला नाहीं. ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू असतां दरवाजे फोडले गेले. ती थांबविण्याचा हुकूम उषाबेननीं मानला नाहीं.

केंद्र बंद पडलें. कसोटी पुढेंच होती. सुमारें सहा महिने गुप्त पोलिसांची चौकशी चालली. परदेशीं शिक्षणाचें आमिषही दाखविण्यांत आलें. उषाबेननीं तोंड उघडलें नाहीं. खटल्यांत उत्तर देण्याची सक्ती नाहीं हें विचारून घेऊन त्या गप्पच राहिल्या. त्यांस चार वर्षांची, तर बाबुभाईंस पांच वर्षांची सजा झाली. यंत्र सरकारजमा झालें, पण ज्यांनीं त्यांच्यावर विश्वास टाकला होता त्यांचीं नांवें सरकारच्या हातीं त्यांच्या मुखांतून गेलीं नाहींत.

हा प्रश्न जुना झालेला नाहीं. आज इंटरनेटवर कोणतेंही स्थळ उघडण्यापूर्वीं आपलें यंत्र ‘ह्या नांवाचा पत्ता काय?’ असें एका सर्व्हरला विचारतें. १९८३ सालीं सुरू झालेल्या ह्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. हा प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जाई; २०१६ व २०१८ सालीं तो लखोट्यांत घालण्याच्या पद्धती ठरल्या. मोठ्या कंपन्यांबरोबर कांहीं स्वयंसेवकही पदरमोड करून अशी सेवा चालवितात; वेळ व पैसा संपला कीं ती बंद होते. लखोटा वाटेवरच्या माणसापासून मजकूर लपवितो, पण ज्याच्या हातीं तो जातो त्यास सर्व कांहीं दिसतें. म्हणून सेवा बंद करणारानें आगाऊ सूचना द्यावी, जवळच्या नोंदी नष्ट कराव्या आणि सेवेचें नांव भलत्याच्या हातीं जाऊं देऊं नये. नाहीं तर लोकांचे प्रश्न अनोळखी माणसाच्या दारीं जातील.

स्वखुशीनें बंद करणाराजवळ ह्यासाठीं सवड असते. उषाबेनना ती मुळींच मिळाली नाहीं. त्यांच्या हातीं केवळ मौन उरलें होतें, आणि तेवढें त्यांनीं पुरविलें.