तराजूची साक्ष

मी बी.ए. झालो, पण त्याआधी एक वर्ष विज्ञान शाखेत काढले होते. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतला तराजू असे. वजने चिमट्यानेच उचलायची, कारण बोटांचा घामही वजन वाढवतो. एकदा माझे उत्तर पुस्तकातल्यापेक्षा किंचित कमी आले. मी शेवटचा आकडा गुपचूप बदलला. सरांनी वही पाहिली आणि एवढेच म्हणाले, "तराजू खोटं बोलत नाही रे."

त्याचा अर्थ पुढे आंत्वान लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाविषयी वाचताना उमगला. पदार्थ जळताना त्यातून 'फ्लॉजिस्टन' निघून जाते, असे त्या काळी मानत. मग धातूचे भस्म झाल्यावर वजन वाढते कसे? लव्हाझिएने १७७४ साली बंद काचपात्रात कथील तापवले. तापवण्याआधी आणि नंतर, एकूण वजन तेवढेच! पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. कथलाचे वजनही जवळपास तेवढेच वाढले होते. म्हणजे कथलाने हवेतलेच काही घेतले होते. साधी वजाबाकी, पण तिने जुन्या समजुतीला हादरा दिला. त्याने आकडे 'जुळवून' घेतले असते तर?

रसायनशास्त्र नव्याने शिकणाऱ्यांनो, तराजू शतांश ग्रॅमपर्यंत दाखवत असेल, तर गणकयंत्रातले सात आकडे वहीत उतरवू नका. काट्याने दाखवले तेवढेच लिहा. कवितेतली जादा मात्रा कानाला लगेच खुपते. वहीतला जादा आकडा खुपत नाही, म्हणूनच तो अधिक घातक.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)