दुधांतील विकर आणि वातरक्त

वातरक्त म्हणजे गाउट. या रोगांत पायाचा अंगठा असा ठणकतो कीं, पांघरुणाचा स्पर्शहि सोसवत नाहीं. शरीरांतील प्युरिन द्रव्यांपासून यूरिक आम्ल होतें आणि त्याचे स्फटिक सांध्यांत सांचतात. हें आम्ल घडविणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकराची ओळख पटली ती मात्र दुधांत.

१९०२ सालीं शार्डिंगर यांनीं ताज्या दुधांत फॉर्मलिन व मेथिलिन ब्लू घातलें. निळा रंग उडाला. उकळलेल्या दुधांत तो टिकला. १९२२ सालीं केंब्रिजला हॉपकिन्स व सहकाऱ्यांनीं दुधांतील झँथिनाचें ऑक्सिडीकरण तपासलें. १९२४ सालीं डिक्सन व थर्लो यांनीं दुधापासून हें विकर वेगळें काढण्याची रीत दिली. हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेंत पुढें कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनीं वनस्पतींतील विकरांचा अभ्यास केला व १९३९ सालीं डॉक्टरेट मिळविली.

विकर कळल्यावर त्याचें काम अडविणारें औषध निघालें: हिचिंग्ज व एलियन यांचें अ‍ॅलोप्युरिनॉल. १९६६ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

कुर्डुवाडीच्या गवळ्याच्या चरवींतहि हें विकर असतें. दुधाची निळाई कां उडाली, असें कोणी विचारलें, म्हणून आज रोग्याला झोंप लागते.