रक्ताची आम्लता : एका पुराव्याची फेरतपासणी

पुरावा अस्सल असला तरी त्याचा अर्थ चुकीचा लागल्यास केवढा अनर्थ होतो, याचें एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत आढळतें. तें इ. स. १९५२ मधील, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील होय.

त्या वर्षीं तेथें पोलिओची भयंकर सांथ उद्भवली. श्वसनाचे स्नायु लुळे पडलेले रोगी ब्लेगडाम रुग्णालयांत येऊं लागले. श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकीं २७ दगावले. त्यांच्या रक्तांत बायकार्बोनेट वाढलेलें आढळे. त्यावरून रक्तांत क्षार वाढला आहे, असा निष्कर्ष काढला जाई.

भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांस हा निष्कर्ष मान्य नव्हता. श्वास अपुरा पडल्यानें कार्बन डायऑक्साइड शरीरांत कोंडतो व रक्त आम्ल होतें; बायकार्बोनेटची वाढ ही त्या कोंडण्याचीच खूण, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ता. २७ ऑगस्ट रोजीं एका १२ वर्षांच्या मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेंत नळी बसवून, रबरी पिशवी हातानें दाबून त्यांनीं तिला श्वास पुरविला, ती वांचली. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनीं रक्ताचा पीएच मोजला, तेव्हां इब्सेन यांचेंच म्हणणें खरें ठरलें. पुढें सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं आलें.

विशेष हें कीं, पीएच हें माप सोरेनसेन यांनीं १९०९ सालीं याच नगरींतील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सिद्ध केलें होतें. आम्लता वाढली कीं हा अंक उतरतो, तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर आम्लता दुप्पट झाली असें समजावें.

आज परिचारिकेच्या हातीं रक्ततपासणीचा कागद येतो, त्यामागें हा इतिहास आहे. प्रथम पीएच पाहावा. तो साधारणतः ७.३५ ते ७.४५ असावा. नंतर कार्बन डायऑक्साइड व बायकार्बोनेट हे दोन्ही अंक ताडून पाहावेत, आणि अखेरीस रोग्याकडे पाहावें. प्राणवायु दिलेल्या रोग्याचे ओंठ लाल दिसत असतांहि आंत कार्बन डायऑक्साइड साचत असूं शकतो. अशा वेळीं घाम, वाढता रक्तदाब, उथळ श्वास व गुंगी यांची साक्ष मोलाची ठरते. एकाकी कागदावरून इतिहास सिद्ध होत नाहीं. एकाकी अंकावरून रोगनिदानहि होत नाहीं. कोपनहेगन येथें हा धडा फार महाग पडला.