घाटजकात आणि टपालजकात : मुळशी खोऱ्याच्या अनुषंगाने काही विचार

मुळशीचे नाव घेताच इतिहासाच्या अभ्यासकास १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट यांचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. परंतु धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी कित्येक शतके हे खोरे कोकण आणि देश यांमधील मालाच्या ये-जा करण्याची वाट होते, ही गोष्ट त्यामुळे काहीशी झाकली गेली आहे. आज याच तालुक्यातील हिंजवडीच्या एखाद्या घरी परदेशी विक्रेत्याकडून परस्पर मागविलेली वस्तू येते, आणि तिच्याबरोबर सीमाशुल्काची मागणीही येते. घेणाऱ्यास ती मागणी नवी आणि बहुधा अन्यायाची वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्यात नवे फार थोडे आहे. माल ज्या अरुंद जागेतून गेल्यावाचून पुढे जाऊच शकत नाही, तेथे राजसत्ता आपली चौकी बसविते. ही जागा पूर्वी घाटाच्या तोंडाशी होती, आज ती विदेश टपालाच्या कचेरीत किंवा विमानतळावरील कुरियरच्या वखारीत आहे.

मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेवर तैलबैला व घनगड यांच्या परिसरातून सवष्णी, वाघजाई इत्यादी घाट सुधागडाच्या बाजूस उतरतात; दक्षिणेस ताम्हिणीची वाट निजामपूर-माणगावाकडे जाते. वाघजाई घाटाच्या पायथ्याशी ठाणाळ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्यांवरून हा मार्ग किती जुना असावा याची कल्पना येते. कोकणातून मीठ, सुकी मासळी व नारळ बैलांच्या पाठीवरून वर येत, आणि देशावरचे धान्य, गूळ, तंबाखू खाली जाई. जुन्नरकडील नाणेघाटातील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात. या कथेस लेखी आधार नाही, पण घाट आणि जकात ही जोडी लोकस्मृतीत किती घट्ट बसली आहे हे तिच्यावरून कळते.

मराठेशाहीतील जकातीची परिभाषाच वाटेवरून घडलेली दिसते. माल भरला जाई तेथे घ्यावयाची ती थळभरीत, आणि माल विकला जाई तेथे घ्यावयाची ती थळमोड. आकारणी बहुशः बैलाच्या ओझ्यावर होई. परक्या मालाचा प्रश्न आला की मात्र विचार निराळा होई. याचे उत्तम उदाहरण दक्षिणेकडील कुडाळ सुभ्यात मिळते. ७ डिसेंबर १६७१ रोजी शिवाजी महाराजांनी तेथील सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस मिठाविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असे. ते घाटावर येऊ लागले तर व्यापारी तिकडेच वळतील आणि संगमेश्वराकडील स्वराज्यातील मीठ पडून राहील, ही त्यामागची चिंता. म्हणून दोन्हीकडील भाव पाहून, बारदेशचे मीठ महाग पडेल अशी जकात बसवावी, अशी आज्ञा झाली. येथे जकातीचे मान ओझ्याने नव्हे, दोन बाजारांतील भावांच्या अंतराने ठरते. आधुनिक अर्थशास्त्र ज्यास संरक्षक शुल्क म्हणते, त्याचा संपूर्ण तर्क या पत्रात आहे. पण या आज्ञेमुळे देशावरच्या रयतेस मीठ स्वस्त मिळण्याची एक वाट बंद झाली, हेही नमूद केले पाहिजे. मिठागरवाल्याचे हित आणि मीठ खाणाराचे हित येथे एक नव्हते, आणि राज्यकर्त्याने त्यांतून जाणीवपूर्वक निवड केली. या पत्राची स्तुती करणारे बहुतेक लेखक ही बाजू सोडून देतात.

पेशवाईच्या अखेरीस ठिकठिकाणच्या चौक्या आणि जकातीचे मक्ते इतके वाढले होते की साध्या व्यापाऱ्यास त्यांतून वाट काढणे अवघड झाले. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात हुंडेकरी नावाच्या वर्गाचे वर्णन केले आहे. ठराविक रक्कम घेऊन वाटेवरील सारी जकात भरण्याची जोखीम हुंडेकरी स्वतःवर घेई आणि मक्तेदारांशी परस्पर समजूत करून घेई. व्यापाऱ्याचा त्रास वाचे. मात्र जकात किती आणि हुंडेकऱ्याची मजुरी किती, हे त्यास नीट कळत नसे. आजचा अधिकृत कुरियर आयातदाराच्या वतीने शुल्क भरतो आणि आपली हाताळणीची आकारणी त्यात मिळवून एकच आकडा दारात दाखवितो. पावती न मागणारा ग्राहक आज त्याच अंधारात आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती १८३८ मध्ये उठल्या. घाटचौक्या गेल्या, भार मात्र नाहीसा झाला नाही. १८३७ मध्ये मुंबई इलाख्यातील मिठावर मणामागे ८ आणे कर बसविण्यात आला होता. १८४४ मध्ये तो १ रुपया करताच सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला तो १२ आण्यांवर आणावा लागला. चौकी घाटमाथ्यावरून मिठागराच्या दाराशी उतरली, एवढाच फरक. शहरांच्या वेशीवरील जकात त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ती १ एप्रिल २०१३ रोजी संपली.

आता सध्याच्या व्यवस्थेकडे वळू. परदेशातून आलेल्या वस्तूवर १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमान्वये शुल्क आकारले जाते. त्यासाठी वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवितात. मूळ शुल्कावर २०१८ पासून १० टक्के समाजकल्याण अधिभार आहे, आणि या साऱ्या बेरजेवर १ जुलै २०१७ पासून एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. करावर कर बसतो असे ग्राहकास वाटते ते निराधार नाही. देशी मालावरही तोच वस्तू व सेवा कर असल्यामुळे परक्या मालास सूट दिली तर देशी उत्पादक मागे पडेल, हे सरकारचे समर्थनही निराधार म्हणता येत नाही. कुडाळच्या पत्रातील तर्क हाच.

सवलतीचा गैरफायदा हाही या इतिहासाचा नित्य भाग आहे. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरांनी दस्तकांच्या आडून खासगी व्यापार बिनजकात चालविला, तेव्हा मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठविली आणि युद्ध ओढवून घेतले. आपल्याकडे ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंस शुल्क माफ होते. परदेशी विक्रेते विकलेला माल भेट म्हणून पाठवू लागले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. राखीस मात्र सूट राहिली. अमेरिकेनेही ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी रद्द केली. भारतीय टपाल खात्याने तिकडील बहुतेक पार्सले २५ ऑगस्टपासून थांबविली होती. ती १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातून लेकीसुनांना फराळ पाठविणाऱ्या घरांना सीमाशुल्काचे राजकारण त्या वर्षी प्रथमच इतके जवळून दिसले असेल.

खरी अडचण ज्या मालास कोणतीच अरुंद वाट लागत नाही त्याची आहे. हिंजवडीतील संगणकावर परदेशातून उतरवून घेतलेली आज्ञावली ना घाट चढते, ना टपालाच्या थैलीत शिरते. म्हणून चौकी विक्रेत्याच्याच दारी नेण्याचा प्रयत्न झाला. १ डिसेंबर २०१६ पासून अशा सेवा पुरविणाऱ्या परदेशी संस्थांवर भारतात नोंदणी करून कर भरण्याचे बंधन आले. १ एप्रिल २०२० पासून परदेशी ई-व्यापारावर २ टक्के समीकरण आकार बसला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी तो मागे घेतला गेला. विद्युत्-संदेशांवर सीमाशुल्क लावू नये असा ठराव जागतिक व्यापार संघटनेत १९९८ मध्ये झाला. महसूल बुडतो म्हणून भारताने त्यास वारंवार हरकत घेतली, तरी २०२४ च्या अबुधाबी परिषदेत त्याची मुदत पुन्हा वाढविण्यात आली.