आख्यानातून सुटलेली आर्या
लांबलचक कथेतलं गाणं सोडवून स्वतंत्र विकायचं, ही जपानी ॲनिमेची रीत रेकॉर्ड कंपन्यांची करामत समजली जाते. १९९७ मध्ये ‘पोकेमॉन’ टीव्हीवर आली तेव्हा तिचं शीर्षकगीत पडद्यावर जेमतेम दीड मिनिट वाजे. नायकाला आवाज देणाऱ्या रिका मात्सुमोतोने गायलेलं ते पूर्ण गाणं सिंगल म्हणून वेगळं विकत मिळे. मालिका लांबली, तशी गाणी बदलत गेली. पण यात धंदा तेवढा नवा. मोठ्या कथेने सुट्या गाण्याच्या पायांनी फिरायचं, हे बारामतीत अठराव्या शतकातच घडलं होतं.

पन्हाळ्याचे मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि सगळं महाभारत त्यांनी आर्यांत उतरवलं. एवढा ग्रंथ सलग वाचणारे थोडेच असणार. पण आर्येची घडण पाहा: दोन ओळी, प्रत्येकीत ३० मात्रा, बाराव्या मात्रेवर विसावा, शेवटी यमक आणि बहुधा तेवढ्यातच अर्थ पुरा. कीर्तनकाराला हे आयतंच सापडलं. कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, आख्यान भरात आलं की झांजेच्या ठेक्यावर एक आर्या म्हणायची आणि पुन्हा निरूपणाकडे वळायचं. सोलापूरच्या राम जोशींसारख्या शाहीर-कीर्तनकाराने पंतांच्या आर्या अशाच लोकांपर्यंत नेल्या.

कुणी म्हणेल, बारामती-इंदापूरच्या वाटेवर दाखला हवा तर तुकोबांचे अभंग का नकोत? पालखी इथूनच जाते, बेलवडीला रिंगण होतं, इंदापुरात मुक्काम पडतो. पण अभंग मुळातच सुटा; गाथेत सलग कथानकच नाही, तर सोडवायचं कशातून? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आर्या गाणाऱ्यांनी वेचली, सिंगल कंपनीने ठरवून काढली. हे खरं, पण कीर्तनकारही बिदागी घेई आणि श्रोत्यांचा कल बघूनच आर्या निवडी. कंपनीला गाणं बाजारात आणता येतं, लोकांच्या तोंडी बसवता येत नाही. निप्पॉन ॲनिमेशनचा मोगली १९९३ मध्ये दूरदर्शनवर आला तो गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं नवं हिंदी गाणं घेऊन. कथा तीच राहिली, गाणं बदललं. आणि भाग विसरलेल्यांनाही ते गाणं आजही येतं. म्हणजे शीर्षकगीत कथेचं शेपूट नव्हे. सुटं होण्याजोगं काही घडणीतच असेल, तर मोठी कृती वाचकांपलीकडे पोचते. पंतांनी ते छंदातच साधलं. जपानी कंपन्यांनी त्याला तबकडी आणि किंमत जोडली.