चिरलेला बटाटा, कमला भागवत आणि श्वसनाचे कोडे

१/ सानपाड्याच्या शेजारीच वाशीचा कांदा-बटाटा बाजार आहे. तिथल्या गोणीतला एखादा बटाटा चिरून ठेवा. थोड्याच वेळात त्याचा फिकट गर तपकिरी पडतो. हवेतला ऑक्सिजन आणि बटाट्यातले एक विकर यांची ही करामत. १९३०च्या दशकात याच रंगबदलाने शास्त्रज्ञांना एका मोठ्या वादात ओढले होते. तो वाद सोडवणाऱ्यांत एक मराठी नाव आहे. त्याची ही कथा. 🧵

२/ आधी पार्श्वभूमी. पेशीचे श्वसन म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव. अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढे जात अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतो. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, स्वीकारणे म्हणजे क्षपण. १८८०च्या दशकात मॅकमन या आयरिश डॉक्टरला प्राण्यांच्या ऊतींत याच्याशी निगडित रंगद्रव्य दिसले. पण तत्कालीन थोरांनी त्याला खोटे ठरवले. १९२५ साली केंब्रिजमध्ये डेव्हिड कायलिन यांनी ते पुन्हा शोधले आणि त्याला ‘सायटोक्रोम’ हे नाव दिले.

३/ प्राणी आणि यीस्ट यांचे कोडे उलगडू लागले. वनस्पतींचे काय? चिरलेला बटाटा तपकिरी करणारे फिनॉल-ऑक्सिडेज हे तांबेयुक्त विकर वनस्पतींत विपुल सापडे. म्हणून श्वसनाचा शेवटचा टप्पाही तेच पार पाडत असावे, असे काही अभ्यासकांना वाटे. प्रश्न साधा नव्हता. वनस्पती आणि प्राणी यांचा श्वास मुळात एकच आहे की वेगवेगळा, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

४/ आता कमला भागवत. जन्म १९११, इंदूर. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बहीण म्हणजे विख्यात लेखिका दुर्गा भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही.

५/ वर्षभराच्या कामानंतर ती मान्यता मिळाली आणि पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. मात्र तो अपमान त्या विसरल्या नाहीत. १९९७ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला. या संघटनेचे मुख्यालय वाशीत, म्हणजे सानपाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

६/ १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांतील फिनॉल-ऑक्सिडेजांवर काम केले. नंतर रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींकडे वळल्या. १९३९ साली ‘नेचर’मध्ये हिल आणि भागवत यांचे टिपण आले: सपुष्प वनस्पतींतही सायटोक्रोम ऑक्सिडेज आहे. म्हणजे बटाट्याला तपकिरी करणारे विकर वेगळे आणि त्याला जगवणारी साखळी वेगळी. ती साखळी आपल्या पेशींतल्या साखळीची सख्खी नातलग निघाली. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली; प्रबंध जेमतेम ४० पानांचा.

७/ इथे एक सावधगिरी. त्यांना सरसकट ‘विज्ञानातील पहिल्या भारतीय महिला डॉक्टरेट’ म्हटले जाते. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती. कमलाबाईंची थोरवी या बिरुदावर उभी नाही, त्यामुळे ते बाजूला ठेवल्याने काही बिघडत नाही.

८/ पुढचा प्रश्न पुढच्या पिढ्यांचा होता: प्रथिनातला लोहाचा अणू इतक्या शिस्तीत इलेक्ट्रॉन घेतो-देतो कसा? सायटोक्रोम-सी मध्ये त्या लोहाला एका बाजूने हिस्टिडीन आणि दुसऱ्या बाजूने ८० क्रमांकाचे मेथिओनिन धरून ठेवते. हे मेथिओनिन नेमके काय करते, हे तपासण्याचा एक मार्ग म्हणजे तेच बदलून पाहणे. ब्रोमोअॅसिटेटने त्यावर रासायनिक शेपूट जोडले, तेव्हा लोहावरची पकड सुटली. एरवी कार्बन मोनॉक्साइडला दाद न देणारे प्रथिन त्याला बिलगू लागले आणि ऑक्सिजनमुळे आपसूक ऑक्सिडीकृत होऊ लागले. एका अमिनो आम्लाची राखण गेली आणि इलेक्ट्रॉनवाहकाचा धर्मच बदलला.

९/ रसायनांचा वार मात्र आजूबाजूलाही होतो. १९८९ साली पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने निसर्गातल्या २० नेहमीच्या अमिनो आम्लांपलीकडचे आम्ल प्रथिनात हव्या त्या जागी बसवण्याची रीत दाखवली. डीएनएचे घटक घडवणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकरात ठरावीक टायरोसिनांमार्फत सुमारे ३५ अँगस्ट्रॉमचा प्रवास घडतो. टायरोसिन काढून फेनिलअॅलानिन घातले तर काम थांबते. एवढ्याने ‘ते आवश्यक आहे’ इतकेच कळते. जोअॅन स्टब यांच्या गटाने तिथे फ्लोरिन जोडलेली टायरोसिने बसवली. फ्लोरिनची संख्या आणि जागा बदलली की क्षपण-विभव थोडेथोडे सरकते. दिवा विझवण्याऐवजी वात कमी-जास्त करून पाहण्याची सोय झाली आणि प्रवासाची वाट टप्प्याटप्प्याने मोजता आली.

१०/ आणि कमलाबाई? १९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून १९४७ साली विवाहानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईत आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला; पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. ग्राहक चळवळीतही त्या होत्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

११/ सायटोक्रोमच्या इतिहासात दोनदा चूक झाली: एकदा मॅकमनचे निरीक्षण नाकारले गेले, एकदा एका विद्यार्थिनीचा अर्ज. दोन्ही वेळी नाकारणारे आपापल्या क्षेत्रातले मोठे होते आणि दोन्ही वेळी पुराव्याने त्यांना खोडून काढले. पुढच्या वेळी भाजीसाठी बटाटा चिराल आणि तो काळवंडेल, तेव्हा इतके ध्यानात असू द्या: दिसतो तो रंग फिनॉल-ऑक्सिडेजचा, न दिसणारा श्वास सायटोक्रोमचा. हा भेद सिद्ध करण्यात एका भागवतांच्या मुलीचा वाटा आहे.

#इतिहास #विज्ञान #मराठी